तरुणांची नोकरी, कमाई आणि बदलतं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज संपत आलेली मुलं, पहिली नोकरी लागलेली, सुटलेली, अजून न मिळालेली, आणि बऱ्याचदा त्यांचे आईवडील, सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तिथून सुरू करा. कायदे देशादेशात वेगळे असतात, त्यामुळे जिथे कायद्याचा विषय आहे तिथे आपल्याला लागू होणारा नियम तपासून घ्याच. एक गोष्ट मात्र बऱ्याच उत्तरांत येईल ती आधीच सांगते. काम बदललं म्हणजे मुख्यतः काय झालं, तर जी रिस्क आधी मालक घ्यायचा ती हळूहळू काम करणाऱ्याच्या अंगावर आली. त्यामुळे कुठलीही ऑफर आली की पगाराच्याही आधी हे बघायचं, की उद्या धंदा मंदावला तर फटका कोणाला बसणार.

१. बेरोजगारी कमी झाली असं बातम्यांत सांगतात, मग आमच्या बॅचमधले इतके जण घरी का बसलेत?

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या म्हणजे आयएलओच्या व्याख्येत बेरोजगार कोण, तर ज्याच्याकडे काम नाही, जो काम करायला मोकळा आहे आणि जो सध्या काम शोधतोय. तिन्ही अटी एकदम लागू व्हायला हव्यात. मोजणीच्या आठवड्यात एक तास जरी पैशासाठी काम केलं तरी तुम्ही रोजगारात धरले जाता. आणि कंटाळून शोधणंच सोडून दिलं तर तुम्ही बेरोजगारसुद्धा नाही, थेट हिशोबाच्या बाहेर.

२०२३ मध्ये १५ ते २४ वयातल्यांचा जागतिक बेरोजगारी दर १३ टक्के होता, म्हणजे जवळपास साडेसहा कोटी तरुण, आणि हा १५ वर्षांतला सगळ्यात कमी दर होता. पण त्याच वर्षी त्याच वयातले पाचात एकजण ना शिक्षणात, ना नोकरीत, ना ट्रेनिंगमध्ये होते आणि त्यांच्यात तीनातल्या दोन मुली. माझं स्पष्ट मत आहे की बातमीत पहिला आकडा दिसला की लगेच हा दुसरा शोधायचा. मोजायची पद्धत बदलली तरी आकडा हलतो हेही लक्षात ठेवा. चीनमध्ये जून २०२३ मध्ये शहरी तरुणांचा दर २१.३ टक्क्यांवर गेला, मग तो जाहीर करणंच थांबवलं आणि नंतर शिकत असलेली मुलं वगळून नव्याने सुरू केलं, तेव्हा डिसेंबर २०२३ चा आकडा १४.९ निघाला.

२. पण फटका नेहमी तरुणांनाच का बसतो?

कारण कंपनीला खर्च कमी करायचा असला की सगळ्यात सोपं काय, तर नवीन भरती थांबवणं. कोणाला काढावं लागत नाही, भरपाई द्यावी लागत नाही, बातमी होत नाही. नंतर काढायची वेळ आली तरी शेवटी आलेला आधी जातो कारण त्याला काढणं स्वस्त पडतं. त्यामुळे जगभरात तरुणांचा बेरोजगारी दर मोठ्यांच्या तिपटीपेक्षा जास्त असतो, अगदी चांगल्या काळातसुद्धा. २०१३ मध्ये स्पेन आणि ग्रीसमध्ये काम करणारे आणि काम शोधणारे असे सगळे तरुण मिळून धरले तर निम्म्याहून जास्त जणांना काम नव्हतं. एवढ्या सगळ्या मुलांनी एकदम आळस केला असं तर नाही ना होत.

३. मंदीच्या वर्षात पास आउट झालो. करिअर कायमचं गेलं का?

कायमचं नाही, पण परिणाम होतो आणि तो लोकांना वाटतो त्यापेक्षा लांब चालतो, हे कोणी मुलांना सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ लिसा कान यांनी १९८० च्या आगेमागे पदवी घेतलेल्यांचा अभ्यास केला, तर वाईट वर्षात बाहेर पडलेल्यांचे पगार १५ वर्षांनीसुद्धा मागे दिसले. कॅनडातल्या अशाच अभ्यासात सुरुवातीला साधारण ९ टक्क्यांचा फरक होता आणि तो भरून यायला ८ ते १० वर्षं लागली.

कॅनडाच्या अभ्यासातली कामाची गोष्ट पुढे आहे. तोटा भरून कसा निघाला, तर त्याच कंपनीत निष्ठेने बसून नाही, सुरुवातीला मिळेल त्या छोट्या किंवा कमी पगाराच्या कंपनीत शिरून आणि बाजार सुधारल्यावर चांगल्या कंपनीत जाऊन. म्हणजे मंदीत मिळालेली साधी नोकरी घ्यायला हरकत नाही, पण तिथे मुक्काम करायचा नाही (किती वेळाने बदलायचं ते प्रश्न १२ मध्ये). जिथे कंपनी बदलायची वाटच बंद असते तिथे काय होतं ते जपानमध्ये दिसलं. तिथल्या मोठ्या कंपन्या वर्षातून एकदाच ताज्या पदवीधरांची भरती करायच्या. नव्वदच्या दशकात बबल फुटल्यावर, म्हणजे शेअर आणि जमिनीच्या फुगलेल्या किमती कोसळल्यावर, ज्यांची ती एक संधी हुकली त्यांच्यातले बरेचजण तात्पुरत्या कामातच अडकले, आणि ती पिढी पस्तिशी-चाळिशीत पोचल्यावर २०१९ मध्ये सरकारला त्यांच्यासाठी वेगळी योजना आणावी लागली.

४. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. हे चक्र तोडायचं कसं?

जर्मनीत हे एकट्या मुलाच्या डोक्यावर टाकलेलं नाही. तिथे तीनशेहून जास्त व्यवसायांत अशी पद्धत आहे की मुलगा आठवड्यातले काही दिवस कंपनीत पगार घेऊन काम शिकतो आणि उरलेले दिवस व्यवसाय शाळेत जातो, शेवटी देशभर चालणारं सर्टिफिकेट मिळतं. म्हणजे शिकवायचा खर्च आणि रिस्क कंपनीही उचलते. तुमच्याकडे अशी सरकारमान्य अप्रेंटिसशिप असेल तर तिला कमी लेखू नका, मी तर म्हणेन ओळख नसलेल्या घरातल्या मुलांसाठी तो सगळ्यात सरळ रस्ता आहे.

नसेल तर दोन गोष्टी. एक, दाखवता येईल असं काम. 'मला एक्सेल येतं' असं लिहिण्यापेक्षा एखाद्या संस्थेचा वर्षभराचा खर्च नीट लावून दिलेली शीट दाखवणं कधीही भारी, कारण समोरच्याला विश्वास ठेवावा लागत नाही, दिसतं. दुसरं, ओळखी, पण जवळच्या नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की नोकरीची बातमी बहुतेकदा लांबच्या ओळखीतून येते, कारण जवळच्या मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगातही तसंच निघालं. तेव्हा शाळेतला विसरलेला वर्गमित्र, दोन वर्षं पुढची सीनियर, जुन्या क्लासचे सर, यांना मेसेज करायला लाजू नका. 'नोकरी द्या' म्हणू नका, 'तुमच्या इथे नवीन माणसाला नेमकं काय काम देतात' एवढंच विचारा, लोक यावर मनापासून बोलतात.

५. फुकट इंटर्नशिप करू का?

एकच कसोटी लावा: तुम्ही उद्या आला नाहीत तर कंपनीचं काम अडेल का? अडत असेल तर ते काम आहे आणि कामाचे पैसे मिळायला हवेत. काम अडणार नसेल आणि कोणीतरी खरंच वेळ काढून शिकवत असेल तर थोडे दिवस ठीक आहे. जर्मनीत स्वतःहून केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांपेक्षा लांबली तर किमान वेतन लागू होतं, मला ही मर्यादा कुठेही वापरावी इतकी शहाणपणाची वाटते. सहा महिने फुकट राबून 'नंतर बघू' ऐकलेल्या मुलांचे मेसेज वाचले की राग येतो, कारण हे परवडतं फक्त घरून पैसे येणाऱ्यांना आणि बाकीच्यांसाठी दार तिथेच बंद होतं.

६. डिग्रीला आता काही किंमत आहे का?

आहे, पण पूर्वीसारखी हमी नाही. न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक अमेरिकेतल्या नव्या पदवीधरांवर लक्ष ठेवते आणि त्यात वर्षानुवर्षं साधारण ४० टक्के जण डिग्री लागत नाही अशा कामात दिसतात. तरीही तिथे पदवीधरांची सरासरी कमाई पदवी नसलेल्यांपेक्षा बरीच जास्त आहे. मग 'डिग्री की स्किल' असं भांडत बसण्यात अर्थ नाही. डिग्री दार उघडते, आत गेल्यावर ती कोणी बघत नाही. ज्या क्षेत्रात लायसन्स लागतं (वैद्यकीय, नर्सिंग, कायदा, ऑडिट) तिथे डिग्रीला पर्याय नाही. बाकी ठिकाणी कर्ज काढून महागडी डिग्री घेण्याआधी त्या कॉलेजच्या मागच्या दोन बॅचमधल्या दहा-बारा जणांना स्वतः शोधून विचारा की आज काय करताय. कॉलेजने छापलेला सरासरी पगार बघू नका, दोघातिघांना मोठं पॅकेज लागलं की सरासरी फुगते. सगळ्यांचे पगार कमीपासून जास्तपर्यंत ओळीने लावले तर बरोबर मधोमध येणाऱ्याला किती मिळतात ते विचारा.

७. एआय आमच्या नोकऱ्या खाणार का? खरं खरं सांगा.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा लांब लिहिते.

२०१३ मध्ये ऑक्सफर्डचे संशोधक फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी म्हटलं की अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना ऑटोमेशनचा मोठा धोका आहे. हा आकडा जगभर फिरला. तीन वर्षांनी ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात त्या देशांसाठी तोच धोका सरासरी ९ टक्के निघाला. एवढा फरक का, तर पहिल्यांनी अख्खी नोकरी एक वस्तू धरली आणि दुसऱ्यांनी नोकरीतली वेगवेगळी कामं सुटी मोजली. मशीन काम खातं, अख्खी नोकरी क्वचित खातं. बँकेच्या एटीएमचंच घ्या. पहिलं एटीएम १९६७ मध्ये लंडनला लागलं, पण अमेरिकेत एटीएम पसरल्यानंतरही कित्येक वर्षं कॅशियर वाढत गेले, कारण शाखा चालवणं स्वस्त झालं आणि बँकांनी जास्त शाखा काढल्या. कॅशियर खऱ्या अर्थाने कमी व्हायला लागले ते नंतर, मोबाइल बँकिंग आल्यावर, जेव्हा शाखेत जायची गरजच संपत गेली.

म्हणून 'काही होत नाही हो' असं मी म्हणणार नाही, कारण यावेळी एआय जी कामं उचलतंय ती नेमकी नवख्याला द्यायची कामं आहेत. मीटिंगचे मुद्दे लिहून काढणं, पहिला कच्चा ड्राफ्ट, साधा कोड, टेस्ट केसेस, कस्टमरच्या ठरलेल्या प्रश्नांना ठरलेली उत्तरं. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या, तर सॉफ्टवेअर, कस्टमर सर्व्हिस अशा एआयचा जास्त प्रभाव असलेल्या कामांत २२ ते २५ वयाच्या लोकांचा रोजगार बाकीच्यांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्याच कामांतले वयाने मोठे लोक टिकून होते. त्यांच्याकडे पुस्तकात न मिळणारं ज्ञान आहे, कुठला क्लायंट कशावर चिडतो, कुठला जुना कोड हात लावला की सगळं कोसळतं, ते मशीनला अजून माहीत नाही.

दुसऱ्या बाजूला कस्टमर सपोर्टच्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात एआय मदतनीस दिल्यावर सरासरी काम १४ टक्क्यांनी वाढलं, आणि नवख्यांचं ३४ टक्क्यांनी. म्हणजे जो नवखा आत आहे त्याचा फायदा सगळ्यात जास्त, पण आत घ्यायचे नवखेच कमी लागतात. माझी काळजी इथे आहे. पहिली पायरीच काढून टाकली तर दहा वर्षांनी अनुभवी माणसं येणार कुठून, हा विचार कंपन्यांनी आणि सरकारांनी करायला हवा, २२ वर्षांच्या मुलाने एकट्याने नाही.

तुमच्या हातात काय आहे ते पुढच्या उत्तरात.

८. मग असं कुठलं स्किल शिकू जे पुढची तीस वर्षं चालेल?

असं एकच नाव सांगणारा माणूस बहुतेक कोर्स विकतोय. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत १७ कोटी नवीन नोकऱ्या तयार होतील आणि ९ कोटी २० लाख जातील असा अंदाज आहे, पण तो मुख्यतः मोठ्या कंपन्यांना विचारून बांधलेला आहे, त्यावर आयुष्य ठरवू नका.

मी मुलांना सांगते की असं काम शोधा जिथे चूक झाली तर कोणीतरी जबाबदार लागतो. एआयने लिहिलेला रिपोर्ट बरोबर आहे हे कोण सही करून सांगणार, मशीन बंद पडलं तर हात काळे कोण करणार, घाबरलेल्या पेशंटजवळ कोण बसणार, चिडलेल्या क्लायंटशी कोण बोलणार. आणि एआय वापरायला शिकाच, पण आधी ते काम स्वतःच्या हाताने करता यायला हवं. ज्याला स्वतः हिशोब लावता येत नाही त्याला मशीनची चूक पकडता येत नाही, आणि पुढे पगार मिळणार आहे तो चूक पकडण्याचाच.

९. डिलिव्हरी किंवा कॅबच्या ॲपवर कमाई चांगली दिसते. नोकरी शोधत बसण्यापेक्षा तेच करू का?

आधी एक दिवस कागदावर मांडा. सकाळी ११ ला ॲप चालू केलं, रात्री ९ ला बंद केलं. दहा तास. ॲप सांगतं की तुम्ही साडेसहा तास ऑर्डरवर होतात. उरलेले साडेतीन तास गाडी स्टँडवर, हेल्मेट आरशाला अडकवलेलं आणि डोळे स्क्रीनवर, ते कुठेच मोजले जात नाहीत. समजा दिवसाची कमाई दिसली १००. त्यातून इंधन २२, फोन आणि डेटा २, सर्व्हिसिंग-टायर-ब्रेकसाठी बाजूला ठेवायचे ८, गाडीचा हप्ता १२. उरले ५६, भागिले दहा तास, म्हणजे तासाला ५.६. ॲपच्या हिशोबाने मात्र तासाला १५ च्या वर दिसत होते. आकडे फक्त उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही भरा, पण एक पूर्ण आठवडा भरा, एका चांगल्या दिवसावर जाऊ नका. आजारी पडलात किंवा अपघात झाला तर त्या दिवशीची कमाई शून्य, ते अजून यात धरलेलंच नाही.

घरात आज पैसे हवे असतील तर नक्की करा, कष्टाच्या कामात कमीपणा काहीच नाही. फक्त सुरुवातीलाच ठरवा की हे किती महिने आणि त्या काळात संध्याकाळचे कुठले दोन तास दुसऱ्या कशासाठी. कारण या कामात दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा जास्त पैसे मिळायचं काही कारण नसतं.

१०. ॲपवाले मला 'पार्टनर' म्हणतात, पण रेट तेच ठरवतात, काम नाकारलं तर रेटिंग पडतं. मी कर्मचारी आहे की नाही?

याच प्रश्नावर जगभर कोर्टकचेऱ्या चालू आहेत. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने १९ फेब्रुवारी २०२१ ला सांगितलं की उबरचे ड्रायव्हर स्वतंत्र धंदेवाले नाहीत, 'वर्कर' आहेत, त्यांना किमान वेतन आणि पगारी रजा मिळायला हवी, आणि ॲप चालू करून काम घ्यायला तयार बसलेला वेळ हाही कामाचाच वेळ. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये नियम केला, देशांना तो डिसेंबर २०२६ पर्यंत लागू करायचा आहे: प्लॅटफॉर्म कामावर नियंत्रण ठेवतो असं दिसलं तर माणूस कर्मचारी धरायचा आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. कॅलिफोर्नियात उलटं झालं, २०२० मध्ये कंपन्यांनी प्रचंड पैसा ओतलेल्या सार्वमतातून ड्रायव्हर स्वतंत्र कंत्राटदारच राहिले. भारताने २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची, म्हणजे ॲपवरून सुटी सुटी कामं घेणाऱ्यांसारख्यांची, वेगळी कॅटेगरी केली आणि कंपन्यांनी उलाढालीतला एक ते दोन टक्के हिस्सा त्यांच्यासाठी द्यावा असं म्हटलं, पण कर्मचाऱ्याचा दर्जा दिला नाही.

करारात काय नाव लिहिलंय यापेक्षा दर कोण ठरवतं, काम कोण वाटतं आणि शिक्षा कोण देतं हे कोर्टं बघतात. म्हणून स्क्रीनशॉट ठेवत जा: दर बदलल्याचे, दंडाचे, लॉगइनच्या वेळेचे. खातं अचानक बंद झालं तरी हेच पुरावे उपयोगी पडतात, कारण तेव्हा ॲप उघडतच नाही.

११. ऑफर लेटर आलंय, नेमकं काय बघू?

वरचा मोठा आकडा सोडा आणि खालचा तक्ता बघा. समजा एकूण १०० लिहिलंय. बऱ्याचदा त्यात दर महिन्याला नक्की मिळणारे ६२ असतात, 'कामगिरीनुसार जास्तीत जास्त' असे २०, कंपनी विमा आणि निवृत्ती निधीत भरते ते १०, आणि जॉइनिंग बोनसचे ८, जे वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावे लागतात. तुमचा पगार ६२ आहे, त्यातूनही टॅक्स जायचाय. दोन ऑफरची तुलना ६२ शी करा, १०० शी नाही.

मग नोटीस पीरियड. तुम्हाला ९० दिवस आणि कंपनीला ३० असं लिहिलेलं असतं आणि मुलं वाचतच नाहीत. विचारा की दोन्हीकडे सारखं का नाही. प्रोबेशन किती आणि ते कंपनी किती वेळा वाढवू शकते, शहर बदलायला लावू शकते का, ट्रेनिंगचा खर्च वसूल करण्याची अट आहे का, एवढं तरी सही करण्याआधी ईमेलवर विचारा. फोनवर नाही, ईमेलवर. चांगली कंपनी अशा ईमेलने नाराज होत नाही, आणि नाराज झाली तर तिथे पुढे काय वाढून ठेवलंय ते कळलंच.

१२. दर दीड-दोन वर्षांनी नोकरी बदलली तर रेझ्युमेवर वाईट दिसतं का?

सुरुवातीच्या दहा वर्षांत फारसं नाही. अमेरिकेतल्या तरुण पुरुष कामगारांचा एक प्रसिद्ध अभ्यास (टोपेल आणि वॉर्ड, १९९२) सांगतो की पहिल्या दहा वर्षांत साधारण सात नोकऱ्या होतात आणि त्या काळातल्या पगारवाढीचा सुमारे एक तृतीयांश भाग नोकरी बदलताना मिळतो. मात्र दोन अपवाद. एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पाडायच्या आधीच तीनदा सोडलंत तर सांगण्यासारखं काही राहत नाही. आणि शिकवणारा चांगला बॉस मिळाला असेल तर दहा-पंधरा टक्के जास्त पगारासाठी त्याला सोडू नका, पंचविशीत तो पगाराचाच भाग आहे.

१३. पहिलीच नोकरी पूर्ण वर्क फ्रॉम होम आहे. घेऊ का?

दुसरा पर्याय नसेल तर घ्या. पर्याय असेल तर पहिली दोन वर्षं तरी माणसांत बसा. सॉफ्टवेअर इंजिनिअर्सच्या एका अभ्यासात टीमशेजारी बसणाऱ्यांना त्यांच्या कोडवर जास्त सूचना मिळाल्या आणि सगळ्यात जास्त फायदा नवख्यांना झाला. सीनियरचा वेळ जातो, त्याचं काम थोडं कमी होतं, पण तुम्ही शिकता. हायब्रिड, म्हणजे काही दिवस ऑफिस आणि काही दिवस घर, मला मधला चांगला मार्ग वाटतो. चीनमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत १६०० च्या वर कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला, आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत फरक पडला नाही.

१४. नोकरी लावून देतो म्हणून रजिस्ट्रेशन फी मागतायत. द्यायची का?

नाही. आयएलओच्या १९९७ च्या करार क्रमांक १८१ मध्येच तत्त्व आहे की खासगी एजन्सीने काम शोधणाऱ्याकडून थेट किंवा आडून कुठलीही फी घेऊ नये. सिक्युरिटी डिपॉझिट, लॅपटॉपचं भाडं, ट्रेनिंग किटचे पैसे, नावं बदलतात, प्रकार तोच. मूळ सर्टिफिकेट ठेवून घेणाऱ्यांनाही हेच उत्तर.

१५. दोन वर्षांचा गॅप आहे. लपवू की सांगू?

सांगा, एका वाक्यात, रडगाणं न लावता. अमेरिकेत बनावट रेझ्युमे पाठवून केलेल्या प्रयोगात दिसलं की बेकारीचे महिने वाढतात तसे मुलाखतीचे फोन कमी होतात, पण ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते आणि मग थांबते. म्हणजे गॅप एक वर्षाचा असो की दोन, फरक तुम्हाला वाटतो तेवढा नाही. आजारपण, घरातलं कोणी सांभाळणं, स्पर्धा परीक्षा, कारण काही असो, शेजारी गेल्या तीन महिन्यांत केलेलं एक ताजं काम ठेवा (प्रश्न ४). मशीन आधी रेझ्युमे चाळतं अशा ठिकाणी तारखा स्वच्छ लिहा आणि जाहिरातीतले शब्द तसेच वापरा. युरोपच्या २०२४ च्या एआय कायद्यात भरतीची अशी सॉफ्टवेअर जास्त धोक्याच्या गटात टाकली आहेत, हे बरंच झालं.

१६. आईवडिलांनी आमच्या वयात घर केलं, आम्ही भाडं भरतानाच दमतो. आम्हीच कमी पडतोय का?

नाही हो. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तपासलं, तर १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी ९० टक्के जण आईवडिलांपेक्षा जास्त कमवायला लागले, १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण जेमतेम निम्मं होतं. त्यांनी आणखी एक दाखवलं: अर्थव्यवस्था फक्त वेगाने वाढून हे फारसं भरून येत नाही, वाढलेलं उत्पन्न वाटलं कसं जातं त्यावर जास्त अवलंबून आहे. हे आकडे घरी आईवडिलांना दाखवा, बरेच वाद कमी होतील. घरी राहणं म्हणजे अपयश हेही डोक्यातून काढा, फिनलंडमध्ये मुलं सरासरी एकविशीत घर सोडतात आणि क्रोएशियात तिशी ओलांडल्यावर, कारण घरं आणि नोकऱ्या वेगळ्या आहेत.

बचतीचं विचाराल तर आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला, कारण त्याच्या जोरावरच वाईट नोकरीला नाही म्हणता येतं. मग जास्त व्याजाचं कर्ज फेडा, क्रेडिट कार्ड सगळ्यात आधी. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं, ६ टक्क्यांनी १२ वर्षं, आणि ३६ टक्के व्याजाचं कार्डचं कर्ज दोन वर्षांत दुप्पट होतं. हे गणित आधी कर्जाला लावा, मग गुंतवणुकीला.

१७. करारात लिहिलंय की सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही. हे चालतं का?

देशावर अवलंबून. कॅलिफोर्नियात अशी अट जवळपास नेहमीच रद्द ठरते. भारतात १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशा बंधनांना अवैध ठरवतं, त्यामुळे नोकरी संपल्यानंतरची बंदी कोर्टात सहसा टिकत नाही. काही युरोपीय देशांत चालते, पण जर्मनीसारख्या ठिकाणी बंदीच्या काळात कंपनीला निम्मा तरी पगार द्यावा लागतो. गुप्त माहिती किंवा क्लायंटची यादी सोबत नेणं हा मात्र वेगळा विषय आहे, तिथे कंपनीची बाजू भक्कम असते. जुन्या लॅपटॉपवरून स्वतःला एकही फाइल मेल करू नका.

१८. परदेशातल्या कंपनीचं काम घरून करतोय, करारात त्यांच्या देशाचा कायदा लिहिलाय. पैसे थकले तर काय?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि अशी मुलं वाढतायत. कागदावर त्यांचा कायदा असला तरी तिथल्या कोर्टात जाणं तुम्हाला परवडत नाही, त्यामुळे हक्क असून नसल्यासारखा. म्हणून आधीच काळजी घ्यायची. तुम्ही कंत्राटदार आहात की कर्मचारी ते विचारा (प्रश्न १० मधलीच कसोटी), कंत्राटदार असाल तर टॅक्स, विमा, रजा, म्हातारपणाची सोय सगळं तुमच्या खिशातून, तेव्हा दर त्या हिशोबाने वाढवून मागा. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा तुमच्या देशातल्या मधल्या कंपनीमार्फत पगारावर ठेवतात, असा पर्याय असेल तर तो घ्या, कारण मग भांडण तुमच्याच देशात होतं. नसेल तर महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी बिल लावा आणि एक बिल थकलं की पुढचं काम थांबवा, तसं करारातच लिहून घ्या. टॅक्स तुम्ही राहता त्या देशात भरावाच लागतो, कंपनीने कापला नाही म्हणजे लागला नाही असं होत नाही, पहिल्या पेमेंटपासून त्यासाठी वेगळं खातं ठेवा.